व्हिक्टोरिया सरोवराकाठी सफारी आखताय? या चुका टाळा

आपल्याकडच्या बहुतेक आफ्रिका-बेतांत व्हिक्टोरिया सरोवर शेवटी चिकटवलेलं असतं. केनियातलं मसाई मारा झालं, टांझानियातलं सेरेंगेटी झालं, आणि "वाटेतच आहे" म्हणून एक रात्र सरोवर. हे पाणी महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं आहे, तीन देशांत पसरलेलं आहे. कुठल्या काठी राहायचं हेच ठरलेलं नसेल, तर बाकी आखणीला अर्थ नाही. सफारीसाठी मला टांझानियाचा काठ पटतो. म्वान्झा शहराजवळ सरोवराचं स्पीक आखात आहे. सेरेंगेटीचा पश्चिम पट्टा तिथे सरोवराच्या अगदी जवळ येतो आणि उद्यानाचं न्डाबाका गेट म्वान्झा-मुसोमा हमरस्त्यालगतच आहे. दोन रात्रींपेक्षा कमी राहायचं असेल, तर सरोवर यादीतून काढून टाका.

सगळ्यात महागात पडणारी चूक सीमेची. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना खेटून दिसतात, म्हणून लोक धरून चालतात की जीप सरळ पलीकडे जाईल. ती जात नाही. पर्यटकांना तिथून सीमा ओलांडता येत नाही. इसेबानिया-सिरारीच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो. केनियाची सफारी गाडीही टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही. पलीकडे दुसरी गाडी आणि दुसरा चालक तयार लागतो.

सिरारीला आमच्या गटाला ठाण्याचं एक कुटुंब भेटलं होतं, सोबत आजी-आजोबा. अलीकडच्या गाडीने त्यांना नाक्यावर उतरवलं आणि ती परत गेली. पलीकडची गाडी मात्र थेट उद्यानाच्या गेटवर जाऊन थांबली होती, कारण एजंटाने चालकाला तसंच सांगितलं होतं. जीप दिसली की आजोबा उठून विचारायचे, "अहो, ही आपलीच का?" गाडी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. संध्याकाळी उद्यानाची गेटं बंद होतात, त्यामुळे आतल्या तंबूचे भरलेले पैसे बुडाले आणि मंडळींनी मुसोमात मिळेल त्या हॉटेलात रात्र काढली. त्यांचा आराखडा मी पाहिला. त्या एका दिवशी सकाळची सफारी, सीमा आणि संध्याकाळची सफारी, असं तिन्ही कोंबलेलं होतं. "एवढे पैसे भरलेत तर सगळं बघून घेऊ" या घाईचा मला मनापासून राग येतो. तिची किंमत घरातली म्हातारी माणसं मोजतात.

माझा नियम साधा आहे: एका सहलीत एकच देश. दोन करायचेच असतील, तर सीमेच्या दिवशी दुसरं काहीही नाही, आणि आदल्या रात्री दोन्ही चालकांशी मी स्वतः फोनवर बोलते. व्हिसाचंही बघा. ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडासाठी आहे. टांझानियाचा वेगळा काढावा लागतो.

दुसरी चूक पाण्यात उतरण्याची. काठचं उथळ, शांत पाणी पाहून मुलं धावतात, मोठेही पाय बुडवून बसतात. तिथल्या गोगलगायींमधून बिल्हार्झियाचे जंतू पाण्यात येतात आणि थेट कातडीतून शरीरात शिरतात. त्यासाठी पाणी प्यायचीही गरज नसते. त्रास कित्येक आठवड्यांनी सुरू होतो आणि इथल्या डॉक्टरांच्या तो चटकन लक्षात येत नाही, कारण भारतात हा आजार दुर्मीळच. (रत्नागिरीतल्या गिमवी गावात १९५२ साली याची नोंद झाली होती.) म्हणून पोहायचं ते हॉटेलच्या जलतरण तलावात. आधीच पाण्यात उतरला असाल, तर परतल्यावर डॉक्टरांना तसं आपणहून सांगा आणि तपासणी कधी करायची ते विचारा. प्राझिक्वांटेल या औषधाने हा आजार बरा होतो. अंधार पडल्यावर काठावर फिरू नका, पाणघोडे चरायला बाहेर पडतात.

गच्च भरलेल्या होडीत बसू नका, लाइफ जॅकेट नसेल तर अजिबात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये याच सरोवरात, उकारा बेटाजवळ, गर्दीने भरलेली एमव्ही न्येरेरे फेरी उलटून दोनशेहून जास्त माणसं गेली.

निळे-काळे कपडे घरी ठेवा. पश्चिम पट्ट्यात चावणाऱ्या त्सेत्से माश्या आहेत आणि त्या याच रंगांकडे धावतात. चिवडा-लाडू डब्यांत न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. छोट्या विमानात बहुधा १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. साठीपुढच्यांनी त्याआधी डॉक्टरांना विचारावं.

महिन्याबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. दिवाळीत गेलात तर विल्डबीस्ट या हरणवर्गी जनावरांचे मोठे कळप पश्चिम पट्ट्यात भेटत नाहीत. तेव्हा ते उत्तरेकडून दक्षिणेला परतत असतात. या पट्ट्यातल्या ग्रुमेती नदीच्या भागात ते साधारण मेअखेरीस आणि जूनमध्ये असतात. मेच्या सुरुवातीला जाऊ नका, तेव्हा तिथला पावसाळा चालू असतो आणि तिथल्या काळ्या चिकट मातीत गाड्या रुततात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा मेचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा पहिला धरा आणि खोल्या जानेवारीतच राखून ठेवा.