स्पोर्टस्टरचा बेल्ट काढून चेन बसवताना
हार्ली स्पोर्टस्टर मोटरसायकलच्या मूळ पुल्या (बेल्टची दातेरी चाकं) २८ आणि ६८ दातांच्या असतील, तर पुढे २१, मागे ५१ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि ५३० नंबरची चेन घ्या. मागच्या आणि पुढच्या दातांचं गुणोत्तर २.४३ च राहतं. ते बदललं तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, कारण वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो.

पुढच्या पुलीचा नट उलट्या आट्यांचा आहे, घड्याळाच्या दिशेने फिरवला तरच सुटतो! बेल्ट काढण्याआधीच, कुणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगून हा नट ढिला करा.

दोन्ही स्प्रॉकेट सरळ पट्टी लावून एका रेषेत आणा. रेष चुकली की दातांची एकच बाजू घासून चकाकते. चाक हळूहळू फिरवून चेन जिथे सर्वात घट्ट लागते, तिथेच ढील मोजा. चेनची टोकं जोडणारी कडी क्लिपच्यापेक्षा रिव्हेटची कधीही चांगली. क्लिपच असेल तर तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवा.