बी-ट्रीच्या उंचीचे पॅच तपासताना या चुका टाळा

फाइल सिस्टिममधील बी-ट्रीच्या (नोंदी झाडासारख्या पातळ्यांत रचणाऱ्या रचनेच्या) उंचीचे, म्हणजे पातळ्यांच्या संख्येचे, गणित बदलणारा पॅच (कोडमधील बदल) बहुधा पाच-सहा ओळींचा असतो आणि नेमका म्हणूनच तो घाईने मंजूर होतो.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे कमाल उंची काढताना एका ब्लॉकमध्ये (डिस्कवरील ठरावीक आकाराच्या तुकड्यात) जास्तीत जास्त जितके रेकॉर्ड मावतात त्या संख्येने भागणे. ट्री सर्वांत उंच होते ती प्रत्येक ब्लॉक जेमतेम अर्धा भरलेला असताना, त्यामुळे भागाकार किमान संख्येनेच केला पाहिजे. एक्सएफएस या लिनक्समधील फाइल सिस्टिमच्या रिव्हर्स मॅपिंग ट्रीमध्ये (कोणता ब्लॉक कोणाच्या मालकीचा, याची नोंद ठेवणाऱ्या ट्रीमध्ये) ४०९६ बाइटच्या ब्लॉकमधून ५६ बाइटचे हेडर वजा केल्यावर लीफमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीच्या ब्लॉकमध्ये, २४ बाइटचे १६८ रेकॉर्ड आणि वरच्या नोडमध्ये ४४ बाइटच्या ९१ नोंदी मावतात. किमान संख्या अनुक्रमे ८४ आणि ४५ आहेत. दहा लाख रेकॉर्डांसाठी कमाल संख्या वापरल्यास उंची ३ येते, किमान संख्या वापरल्यास ४.

माझ्या पूर्वीच्या एका कंपनीत एका उत्साही सहकाऱ्याने, ‘प्रत्यक्षात ब्लॉक इतके रिकामे राहतच नाहीत’ असे म्हणत हाच बदल पुढे रेटला. नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर सगळ्या टेस्ट पास झाल्या, त्यामुळे माझा आक्षेप फाइलबंद झाला. पुढे सतत लिहून-पुसून डिस्क जुनी झाली, नोड अर्धवट भरलेले राहिले आणि ट्री हिशेबापेक्षा एक पातळी उंच झाली. मग स्प्लिटसाठी (भरलेला ब्लॉक दोनांत विभागण्यासाठी) राखलेले ब्लॉक कमी पडले, ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण व्हायच्या बदलांचा गट) आधी राखलेल्या जागेबाहेर गेले आणि फाइल सिस्टिमने स्वतःला बंद करून घेतले. त्यानंतर बराच काळ दोष डिस्कमध्येच शोधला गेला, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हापासून असा पॅच आला की मी आधी १०२४ बाइटच्या ब्लॉकचे गणित हाताने मांडतो. तेथे किमान संख्या २० आणि ११ असल्याने त्याच दहा लाख रेकॉर्डांसाठी उंची थेट ६ वर जाते. ‘टेस्ट पास झाली’ या उत्तराने माझे समाधान होत नाही.

दुसरी चूक रिफ्लिंकची, म्हणजे अनेक फाइलींनी डिस्कवरील तेच ब्लॉक सामाईक वापरण्याच्या सोयीची. एकाच ब्लॉकचे अनेक मालक असू शकतात, म्हणून रिव्हर्स मॅपिंगचे रेकॉर्ड अलोकेशन ग्रुपमधील (एक्सएफएस डिस्कचे जे विभाग पाडते त्यांतल्या एकातील) ब्लॉकांपेक्षा जास्त होणार नाहीत, हे गृहीतक तेथे कोसळते. अशा वेळी रेकॉर्ड मोजू नयेत. अख्खा ग्रुप ट्रीच्या ब्लॉकांनीच भरला तर उंची किती होईल, ते काढावे.

भागाकार प्रत्येक पातळीवर वरच्या पूर्णांकाकडे न्यावा. लीफची पातळी ० असते, उंची मात्र १ पासून मोजतात. या दोन्हींची गल्लत करणारा पॅच मी पुढे न वाचताच परत पाठवतो. लिनक्स ५.१६ पूर्वीच्या एक्सएफएसमध्ये कर्सरची (ट्रीमधील आपली जागा लक्षात ठेवणाऱ्या रचनेची) मर्यादा ९ पातळ्यांवर पक्की होती, तर एक्स्ट४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या एक्स्टेंट ट्रीची (फाइलचे सलग ब्लॉक कोठे आहेत हे नोंदवणाऱ्या ट्रीची) कमाल खोली ५ आहे. जुन्या कोडमधून असा आकडा उचलताना तो कोणत्या ट्रीसाठी ठरवला होता, हे कमिट संदेशात (बदलासोबत जोडलेल्या टिपणात) लिहिलेले नसेल तर मी मंजुरी देत नाही.