मुलांना परीकथांवरच्या कादंबऱ्या देताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बऱ्याच घरात दहा-बारा वर्षांची पोरं इंग्लिश मिडियमला आहेत, आणि वाढदिवसाला म्हणून सिंड्रेला नाहीतर हिमगौरीची गोष्ट नव्यानं लिहिलेली जाडजूड कादंबरी घरात येते. तिसऱ्या चाप्टरला ती बंद पडते आणि आई म्हणते ह्याला वाचनाची आवडच नाही. तसं नसतं ओ, बहुतेक वेळा पुस्तक देण्याची पद्धत चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूळ गोष्ट माहीत नसलेल्या मुलाला थेट कादंबरी देणं. लेखक कुठं वळण बदलतोय हे ओळखण्यातच तर सगळी मजा आहे, राजकन्या ह्यावेळी स्वतःच उठून चालायला लागली ह्याचं नवल वाटायला ती आधी शंभर वर्षं झोपलेली माहीत पाहिजे की! आणि सिनेमा बघितला म्हणजे गोष्ट कळली असं धरू नका. सिंड्रेलाची भोपळ्याची गाडी, काचेचा बूट हे शार्ल पेरो ह्या लेखकाच्या १६९७ च्या फ्रेंच पुस्तकातलं आहे. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत परीच नाही, आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आणि पाखरं मदत करतात, आणि बूट बसावा म्हणून एक बहीण पायाचं बोट कापते तर दुसरी टाच. कादंबरी ग्रिमांच्या वाटेनं गेलेली असली की पोरगं विचारतंय, परी कुठं गेली? म्हणून पुस्तक उघडायच्या आधी रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही गोष्टी तोंडी सांगून टाका.

जमलं तर तिसरी पण सांगा, हंचीची. १९५० च्या दशकात बेळगावच्या कॉलेजात शिकवायला असलेले कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ती उत्तर कर्नाटकात ऐकून लिहून घेतलीय. मातीच्या मुखवट्यात तोंड लपवून दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणारी मुलगी, आपल्याच मुलखातली सिंड्रेला, आणि आपल्यातल्या कितीजणांना ती माहीतच नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त त्यात भावाचा आणि वाईट चालीच्या स्वामीचा भाग आहे, तो मोठ्या मुलांसाठीच, तेव्हा आधी स्वतः वाचा.

वयाचं पण तसंच. कव्हरवर राजकन्या दिसली म्हणून चौथीतल्या मुलीला घेऊ नका, मागं यंग अ‍ॅडल्ट लिहिलेलं असलं तर ते साधारण बारा-तेराच्या पुढचं असतं, त्यात प्रेम, हिंसा सगळं येऊ शकतं. पण उलटी चूकही होते, भीतीचं सगळं गाळायचं. हिमगौरीला मारायला निघालेली बाई ग्रिमांच्या १८१२ च्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, पुढच्या आवृत्तीत ग्रिमांनीच तिची सावत्र आई केली, तरी विषारी सफरचंद काही काढलं नाही. आपली भोपळ्यातली म्हातारी घ्या, वाघ खायला टपलाय तरी तीन वर्षांची पोरं टुणुक टुणुक करत ऐकतात.

भाषेची सक्ती तर अजिबात नको. घरात मराठी, शाळेत इंग्लिश, बाहेर कन्नड असं असलेल्या मुलाला इंग्लिश चाप्टर वाचून झाल्यावर जमेल त्या भाषेत सांगू दे, तिन्ही मिसळल्या तरी चालतंय. मधेच थांबवून शब्द सुधारू नका, आणि संपल्यावर तात्पर्य काय म्हणून विचारू नका, शाळेत ते होतंच.

एवढं करूनही अडलंच तर बघा, चार पानांच्या गोष्टीची कादंबरी करताना सुरुवातीला घर, गाव, नातेवाईक ह्यातच पन्नास पानं जातात, पोरं तिथंच कंटाळतात. तेवढा भाग तुम्ही मोठ्यानं वाचा, वाटलं तर पानं गाळा, आणि मूळ गोष्टीतला कुठला प्रसंग अजून यायचाय ते विचारा. बूट अजून हरवलाच नाही हे लक्षात आलं की पुढं वाचायची ओढ लागते. तरी नको म्हटलं तर ठेवून द्या कपाटात, मे महिन्याच्या सुट्टीत परत काढा.