घशाशी येणारं आंबट : आईसाठी घरात काय काय बदललं

आईच्या एंडोस्कोपीत हायटस हर्निया निघाला. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला अन्ननलिकेसाठी फट असते, तिच्यातून जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. मग अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप घट्ट मिटत नाही, आम्ल वर येतं.

आईला सगळ्यात जास्त आराम पलंगाने दिला. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशांवर उशा नकोत, त्यांनी पोट दुमडतं आणि दाब वाढतो. झोपायचं डाव्या कुशीवर. जेवण आणि झोप यांत ३ तास हवेत, म्हणून आमची पानं आता सातलाच मांडतो. परकराची नाडीही सैल बांधा.

पँटोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. खाण्याचा सोडा रोज नको, विशेषतः रक्तदाब असेल तर. त्यात सोडियम भरपूर असतं.

घास अडकतोय, शौचाला काळी होतेय, वजन उतरतंय, तर लगेच दाखवा. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, घाम फुटला, तर ॲसिडिटी समजून बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.