आरव्ही रॅलीत जोडीने व्हॉलंटियर करायला जाताय? पोचतानाच्या या चुका टाळा

आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आणि आरव्ही रॅली म्हणजे मोर्चा नव्हे. शेकडो मोटरहोमवाले आणि ट्रेलरवाले एखाद्या फेअरग्राउंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, चार-पाच दिवस मुक्काम टाकतात, सेमिनार असतात, संध्याकाळी गाणीबजावणी, आणि यातलं बरंचसं काम व्हॉलंटियर लोक करतात. आम्ही दोघं रिटायर झाल्यावर ह्यूस्टनहून निघून जॉर्जियातल्या पेरीला, तिथल्या मोठ्या फेअरग्राउंडवर पहिल्यांदा व्हॉलंटियर म्हणून गेलो आणि पहिल्या चोवीस तासांतच बऱ्याच चुका केल्या. तेव्हा कळलं की आपण पाहुणे म्हणून जात नसतो, लग्नघरी मांडव पडायच्या आधी पोचणाऱ्या घरच्या माणसांसारखे जात असतो, आणि तयारीही तशीच लागते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "लवकर पोचलेलं बरं" म्हणून सांगितलेल्या तारखेच्या आधीच जाऊन उभं राहणं. व्हॉलंटियरना बाकीच्यांच्या आधीची तारीख मिळते हे खरं, पण त्याच्याही आधी गेलात तर मैदानावर कदाचित आधीचा घोड्यांचा शो चालू असतो, आपलं कोणी आलेलं नसतं आणि गेटवरच्या माणसाकडे तुमचं नावही नसतं. एक दिवस हातात असेल तर जवळच्या कॅम्पग्राउंडवर थांबा. तिथेच ग्रे (सांडपाण्याचा) आणि ब्लॅक (संडासाचा) दोन्ही टँक रिकामे करा आणि फ्रेश (स्वच्छ पाण्याचा) टँक भरून घ्या. घरूनच भरून निघू नका, एक गॅलन पाणी सुमारे 8.3 पौंड, म्हणजे 60 गॅलनचे 500 पौंड झाले, ते शेकडो मैल कशाला ओढायचे! रॅलीत प्रत्येक साइटला सीवर असेलच असं नाही, मग टँक भरला की हनी वॅगनवाल्याला, म्हणजे टँक उपसून नेणाऱ्या गाडीवाल्याला, पैसे देऊन बोलवावं लागतं.

घड्याळाचं आमच्या लक्षातच आलं नाही. अलाबामातून जॉर्जियात शिरलं की सेंट्रल टाइम संपून ईस्टर्न सुरू होतो, एक तास जातो. मी व्हॉलंटियर मीटिंग सकाळी 8 ची म्हणून ह्यूस्टनमध्ये बसून फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली होती, जॉर्जियात गेल्यावर फोनने ती आपोआप 9 ची करून टाकली आणि आम्ही पोचलो तेव्हा मीटिंग संपत आली होती. पहिल्याच दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून वेळा कागदावर लिहून फ्रिजला लावते, शेजारी कोऑर्डिनेटरचा फोन नंबरही, कारण हजारो माणसं एका मैदानावर जमली की नेटवर्क कधी रडेल सांगता येत नाही.

आता गेट आणि पार्किंग, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. जीपीएसमध्ये फेअरग्राउंडचा पत्ता टाकला की तो बऱ्याचदा ऑफिसच्या गेटवर नेतो, आरव्हीचं गेट वेगळ्याच रस्त्यावर असतं, तेव्हा ईमेलमध्ये दिलेला रस्ता आधीच वाचून ठेवा. मोटरहोमच्या मागे चारही चाकांवर कार ओढत असाल तर ती लावलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही, थोडं जरी मागे गेलं तरी टो बार (कार जोडायचा दांडा) अडकतो, वाकतो. चुकीच्या गेटवर शिरलात तर मागे रांग लागलेली असताना तिथेच उतरून कार सोडवत बसावं लागतं, आमचं नेमकं हेच झालं. आता आम्ही अलीकडे एखाद्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्येच कार सोडवतो आणि मी ती चालवत यांच्या मागून येते.

जागेवर लावताना दुसरी गोष्ट. पार्किंग क्रूचा एक माणूस हात दाखवत असतो आणि बायको (किंवा नवरा) दुसऱ्या बाजूने वेगळेच हात दाखवते, ड्रायव्हरने बघायचं कुणाकडे? एकानेच सिग्नल द्यायचा, दुसऱ्याने फक्त वर फांदी आणि खाली विजेचा खांब बघायचा आणि धोका दिसला तर "स्टॉप" म्हणून ओरडायचं. "डावीकडे" हा शब्द तर बंदच करा, तुझी डावी की माझी डावी यात चाळीस फुटांची गाडी कशालातरी घासते. "ड्रायव्हर साइड" नाहीतर "पॅसेंजर साइड" म्हणायचं आणि गाडीचं शेपूट कुठे जायला हवं तेवढंच सांगायचं. तुम्ही स्वतः पार्किंग क्रूवर असाल तर लक्षात ठेवा, ज्या गाडीचा आरसा तुम्हाला दिसत नाही त्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. गाडीच्या बरोब्बर मागे कधीच उभं राहू नका, प्लीज.

जॉर्जियातली माती आपल्या कोकणासारखी लाल, पण चिकण. पाऊस पडला की गाडी सपाट धरणारे जॅक खाली रुततात, म्हणून फळ्या टाका, आधी लेव्हल करा आणि मगच स्लाइड (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढा.

विजेचं थोडक्यात सांगते. 30 अँपची लाइन म्हणजे 120 व्होल्टने 3600 वॉट. एसी साधारण 1500, गीझर 1400, त्यात इन्स्टंट पॉट 1000 चा लावला की ब्रेकर पडलाच. गीझर गॅसवर टाका, भात गॅसवरच्या कुकरमध्ये लावा. ब्रेकर न पडताच संध्याकाळी एसी कुंथायला लागला तर व्होल्टेज बघा, सगळ्यांचे एसी एकदम चालू असतात, 105 च्या खाली गेलं की एसी बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर जातो. प्लग लावता-काढताना पेडेस्टलचा (साइटवरच्या विजेच्या खांबाचा) ब्रेकर आधी बंद.

आता जोडप्यांबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतेय. यांनी एकट्याने फॉर्म भरला आणि दोघांची नावं पार्किंग क्रूला टाकली. माझे गुडघे दुखतात, मला रजिस्ट्रेशन डेस्कवर बसून लोकांशी बोलायला आवडलं असतं. दोन दिवस डांबरावर उभी राहिले आणि तिसऱ्या दिवशी मला उठवेना. "अहो, मला विचारायचं तरी" एवढंच मी म्हणाले, पण यांनाही खूप लागलं ते. व्हॉलंटियर दोन असतात, जोडी म्हणजे एक नव्हे. दोघांनी आपापला फॉर्म भरा, त्रास असेल तो स्पष्ट लिहा, कुणी कमी समजत नाही. शिफ्ट सगळ्या एकत्र घेऊ नका, घरात कुत्रा असेल तर एक जण मोकळा हवा, पण सगळ्या वेगळ्याही नकोत, एक तरी जेवण रोज बरोबर होईल असं बघा.

शेवटचं, व्हॉलंटियर म्हणजे रॅलीची फी माफ असं धरून चालू नका. काही ठिकाणी आधीच्या रात्री फुकट मिळतात, काही ठिकाणी पूर्ण फी भरूनच काम करायचं असतं, लेखी विचारून घ्या. आणि कामाच्या बदल्यात फुकट साइट मिळत असेल तर तो मोबदला धरला जाऊ शकतो, त्यामुळे कुणी एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) किंवा व्हिजिटर व्हिसावर असेल तर हो म्हणायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.