सिटी व्हीटेकच्या प्लग वायरी बदलताना

माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक पावसाळ्यात, आणि चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की, मिसिंग मारायची. रात्री बोनेट उघडून चालू इंजिनच्या, स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या वायरींवर लांबूनच पाण्याचा फवारा मारला, तर दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या. मल्टिमीटरनेही तेच सांगितलं: वायरीच्या रोधाची होंडाची मर्यादा २५ किलोओहम, ही वायर त्याच्या बरीच पुढे.

दुकानदार १० मिमीच्या लालभडक ‘रेसिंग’ वायरी गळ्यात मारत होता. अहो, जाडीने पॉवर वाढत नाही, वाढतं ते इन्सुलेशन! नुसत्या तांब्याच्या तारेच्या तर नकोतच. रेडिओत खरखर येते, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही गोंधळू शकतो. मी सिलिकॉन आवरणाच्या, स्पायरल वाइंडिंगच्या (आत बारीक तार गुंडाळलेल्या) ८ मिमी घेतल्या.

खरा चोर मात्र प्लगच्या खोल खाचेत होता. व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, ट्यूब सीलमधून तेल झिरपून वायरीच्या टोकाचं रबरी बूट फुगून मऊ पडलं होतं. सील आधी बदलले, नाहीतर नव्या वायरींचीही तीच गत. मग एक काढ, एक लाव, म्हणजे ठिणगीच्या १-३-४-२ या क्रमाचा घोळ नको. बुटात किंचित डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. आता घाटात आरपीएमची सुई लाल रेषेपर्यंत न अडखळता जाते.