कॉम्प्युटर सायन्सची चार वर्षं आखताना या चुका टाळा

चार वर्षं म्हणजे आठ सेमिस्टर. दर सेमिस्टरला पाच विषय धरले तर चाळीस. हिशेब सोपा दिसतो, म्हणून बरेच जण आठ रकाने आखतात आणि सोयीने भरत सुटतात: सोपे विषय आधी, अवघड नंतर, गणित जमेल तितकं पुढे ढकलायचं. घोळ होतो तो इथेच. हे विषय सुटे नसतात, एकाच्या आधारावर दुसरा उभा असतो. पदवी वेळेत होणार की नाही, हे चाळीस विषयांपेक्षा त्यातल्या सर्वांत लांब साखळीवर ठरतं.

पहिल्या सेमिस्टरपासून पुढे आखत जाणं

आखणी शेवटाकडून करायची असते. समजा, सातव्या सेमिस्टरला कंपायलर घ्यायचा आहे. त्यासाठी आधी थिअरी ऑफ कम्प्युटेशन हवी आणि तिच्याआधी डिस्क्रीट मॅथ्स. आता यात एक खोच असते: अनेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. डिस्क्रीट मॅथ्स फक्त सम सेमिस्टरला आणि बाकीचे दोन्ही फक्त विषम सेमिस्टरला असतील असं धरू.

डिस्क्रीट दुसऱ्या सेमिस्टरला घेतलं आणि राहिलं, तर ते चौथ्यात निघतं, थिअरी पाचव्यात, कंपायलर सातव्यात. धक्का बसतो, पण गाडी वेळेत पोचते. तेच डिस्क्रीट ‘नंतर बघू’ म्हणून चौथ्यात ढकललं आणि तिथे राहिलं, तर ते सहाव्यात जातं, थिअरी सातव्यात आणि कंपायलर नवव्यात. नववं सेमिस्टर चार वर्षांत नसतंच! विषय तोच, नापास होणंही तेच. फरक फक्त सुरुवातीला हातात मोकळी जागा होती की नव्हती, एवढाच.

म्हणून प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहा: आधी काय झालेलं हवं, कोणत्या सेमिस्टरला शिकवतात आणि हा राहिला तर पुढे काय काय अडतं. तिसरा रकाना कोणी भरत नाही, आणि कामाचा तोच आहे. डेटा स्ट्रक्चर्सपुढे ही यादी लांबलचक निघते. कॉम्प्युटर ग्राफिक्सपुढे ती बहुधा कोरीच राहते.

गणित वेगळं समजणं

‘मला कोडिंग करायचंय, गणिताचं काय काम?’ हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर तिसऱ्या वर्षी मिळतं, तेही चुकीच्या नावाने. विद्यार्थी म्हणतो, अल्गोरिदम्स डोक्यावरून जातंय. खरं दुखणं बऱ्याचदा दुसरीकडेच असतं.

मर्ज सॉर्टचंच घ्या, म्हणजे यादीचे अर्धे-अर्धे तुकडे करून, ते जोडत ती क्रमाने लावायची पद्धत. कोड वाचता येतो, चालवताही येतो. पण एन घटकांच्या यादीसाठी त्याला एन लॉग एन वेळ का लागतो, हे सांगता येत नाही. यादी प्रत्येक पातळीवर अर्धी होत जाते, म्हणून पातळ्या साधारण लॉग एन. प्रत्येक पातळीवर सगळे तुकडे जोडायचं काम मिळून एन. दोन्हींचा गुणाकार, झालं. इथे अडणाऱ्याचं इंडक्शन आणि लॉगरिदम कच्चं आहे. अल्गोरिदम्सचं पुस्तक चौथ्यांदा वाचून ते पक्कं होत नाही.

असंच इतर ठिकाणी. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॅबमध्ये दर पाच मिनिटांनी सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची एरर) येत असेल, तर शेड्युलिंग वाचत बसू नका, आधी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारी व्हेरिएबल्स, पाहा. साधी चाचणी आहे: कागदावर लिंक्ड लिस्ट (पॉइंटरने एकमेकांना जोडलेल्या नोडची यादी) काढा आणि मधला एक नोड काढून टाकण्याचा कोड हाताने लिहा. पहिला नोड काढायचा असेल तर काय, यादी रिकामी असेल तर काय, हे न बघता सुचलं तर पाया ठीक आहे. मशीन लर्निंगची सूत्रं भिंतीसारखी वाटत असतील, तर लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी उघडा. या दोन्ही विषयांना दुसऱ्या वर्षाच्या पुढे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नव्या टूलमागे इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) खर्च करणं

२०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएस या वेब अ‍ॅप बनवायच्या टूलचा अधिकृत सपोर्ट डिसेंबर २०२१ मध्ये संपला. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांमध्ये मांडायची पद्धत) मांडलं ते १९७० मध्ये, आणि डेटाबेसचा अभ्यासक्रम आजही त्यावरच उभा आहे. टूल सुट्टीत शिकता येतं. ट्रान्झॅक्शन, इंडेक्सिंग, नेटवर्कचे थर या गोष्टी स्वतःच्या जोरावर शिकणं त्या मानाने जड जातं, म्हणून इलेक्टिव्ह त्यांच्यासाठी राखा. अपवाद गिटचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलचा. तो पहिल्या सेमिस्टरपासून वापरायला लागा. त्यासाठी वेगळ्या विषयाची वाट बघायची गरज नाही.

लॅबचे डोंगर एकत्र रचणं

क्रेडिट सारखे असले तरी वेळ सारखा लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम आणि कंपायलर एकाच सेमिस्टरला घेतले, तर दोन्हींचे मोठे प्रोजेक्ट शेवटच्या आठवड्यांत एकमेकांवर आदळतात. एक कोडचा, एक लेखी, एक हलका असा मेळ घाला. इंटर्नशिपचंही इथेच बघून घ्या. निवडीच्या मुलाखती काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी होतात आणि त्यात ट्री, ग्राफ, हॅश टेबल विचारतात. तिसऱ्या वर्षानंतरची इंटर्नशिप हवी असेल, तर डेटा स्ट्रक्चर्स दुसऱ्या वर्षातच संपलेलं हवं.

विषय राहिलाच तर

पुढच्या सेमिस्टरला दोन विषय जास्त घेऊन भरपाई करायची, हा पहिला विचार मनात येतो. सहसा त्यातून तिसरा विषय राहतो. त्याऐवजी तो तिसरा रकाना उघडा. राहिलेल्या विषयावर पुढे काही अवलंबून नसेल, तर घाई कशाला? तो कुठेही बसतो. पण मुळाशी असलेला विषय राहिला असेल, तर एखादं इलेक्टिव्ह बाजूला सारून पहिल्या संधीला तोच घ्या.

मग विभागात जाऊन विचारा. काही ठिकाणी राहिलेला विषय आणि त्याच्या पुढचा विषय एकाच वेळी घेण्याची परवानगी मिळते. डिस्क्रीट किंवा प्रोबॅबिलिटीसाठी कधीकधी गणित किंवा संख्याशास्त्र विभागाचा समकक्ष विषयही चालतो. मात्र मंजुरी प्रवेश घेण्याआधी आणि लेखी घ्या, ‘चालेल बहुतेक’ यावर भागवू नका. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल तर जुना आराखडा तुम्हाला लागू आहे की नवा, हेही त्याच फेरीत विचारून घ्या, कारण त्यावर तुमची अख्खी साखळी बदलू शकते.